टबाचं पाणी अगदी नितळ आहे

कॅलगरी,
१४ नोव्हेंबर १९९४

ल्युबा,

तू लार्च क्रीकला पोचलीस हे मायरनकडून कळलं. माझा लेक आईला भेटायला येतो तेव्हा त्याचा एक डोळा घड्याळावर असतो, त्यामुळे तुझ्याबद्दल एवढंच समजलं की "मावशी आली, तीन बॅगा घेऊन आली." तीन कशाला? माझं घर हिवाळाभर सांभाळायचं आहे, दुकान थाटायचं नाही.

खुब्याचं हाड इथल्या हॉस्पिटलात जोडून झालं. आयुष्यभर ज्या पोस्टाच्या काउंटरमागे उभी राहिले, त्याच पोस्टाच्या पायरीवर नव्या बुटांच्या हौसेपायी आडवी झाले. जाऊ दे. मुद्दा टबाचा आहे.

स्टेफानने तो गरम पाण्याचा टब मागच्या अंगणात बसवला आणि दोन हिवाळ्यांत मला विधवा करून स्वतः निघून गेला. तेव्हापासून त्या टबाचं पाणी मी एक दिवस बिघडू दिलेलं नाही. तेव्हा नीट वाच. आत उतरण्याआधी अंघोळ करायची. नंतर नाही, आधी. तुझ्या अंगावरची क्रीमं, केसांवरचे फवारे, पोहायच्या कपड्यांत राहिलेला साबण, सगळं त्या पाण्यात उतरतं आणि मग पाणी त्याचा सूड घेतं. रोज कागदी पट्टी बुडवून डबीवरच्या रंगांशी ताडून बघ. क्लोरीनचा चौकोन जांभळा हवा. फिका दिसला की पावडर घाल. दर आठवड्याला फिल्टर काढून नळाखाली धू, वरून खाली, एकेक घडी उलगडून. कडेला पाण्याची रेघ असते तिथे बोट फिरव, बुळबुळीत लागलं तर फडक्याने पूस. आणि थंडीत वीज गेली तर हातातलं काम टाकून टबाकडे धाव. पाइपात पाणी गोठलं की टब संपला.

शेजारचा एमरी विक्स्ट्रॉम गोड बोलतो. त्याच्या स्प्रूसच्या झाडाच्या सुया बरोबर माझ्याच पाण्यात पडतात आणि त्याची डचेस नावाची कुत्री जिथे ओलं दिसेल तिथे बसते. दोघांनाही कुंपणाच्या आत घेऊ नकोस.

फोन करू नकोस. इथला फोन वऱ्हांड्याच्या पार टोकाला आहे आणि एक बाई दिवसभर त्यावर सुनेची खरडपट्टी काढत असते. पत्र लिही. पोस्टातल्या बाईला पत्रच बरं.

तुझी
टेक्लाताई

लार्च क्रीक,
२७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तिसऱ्या बॅगेत माझ्या कात्र्या, ड्रायर आणि रंगाच्या बाटल्या आहेत. विनिपेगचं सलून बंद झालं म्हणून काय हत्यारं नदीत टाकू? गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये बटाट्याच्या सारणाच्या पेरोगी वळायला गेले होते. तिथल्या बायकांचे केस बघून मला रडू यायचं बाकी होतं. आता त्या पेरोगी झाल्या की तुझ्या स्वयंपाकघरात येतात. तू असतीस तर तुझेही कापले असते. मागून तू अजून मामासारखीच दिसतेस.

टबाचं पाणी अगदी नितळ आहे. तळाची जाळी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट दिसते. पट्टी जांभळी. फिल्टर पांढराशुभ्र.

तुला एक सहज विचारायचं होतं. विनिपेगला माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडेही असाच टब आहे. परवा तिने टबातले पाण्याचे फवारे सुरू केले तर एवढा फेस आला की टब दिसेना. फेस पायऱ्या उतरून अंगणात गेला आणि थंडीत तिथेच थिजला. पाणीही जरासं तांबूस झालंय म्हणे. बिचारी फार घाबरली आहे. तिने काय करावं? आणि समजा फिल्टरला तांबडा रंग बसला असेल तर तो जातो का? माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी विचारते.

पाय कसा आहे? चालायला लावतात का?

तुझी
ल्युबा

कॅलगरी,
५ डिसेंबर

ल्युबा,

तुझ्या मैत्रिणीला सांग की तिच्या टबात केसांना रंग लावलेल्या बायका उतरल्या होत्या. एक नाही, पुष्कळ. केस धुताना शांपू नीट न काढता उतरल्या होत्या, आणि वर निर्लज्जपणे फवारेही लावले. असा फेस औषधाने थोडा वेळ बसतो, पुन्हा उठतो. तिला सगळं पाणी सोडून द्यावं लागेल. आधी मुख्य बटणावरून वीज बंद, मग पाणी काढायचं, आतून पुसायचं आणि नवीन पाणी फिल्टरच्या भोकातूनच भरायचं, नाहीतर पाइपात हवा अडकते आणि पंप नुसता गुणगुणत बसतो. थंडी कमी असलेला दिवस बघून, सकाळी सुरुवात करून, मध्ये चहाला न थांबता. फिल्टर औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवू दे. रंग नाही गेला तर नवा घालू दे आणि जुना तिच्या गळ्यात बांधू दे.

तुझी मैत्रीण तुझ्यासारखीच आहे असं दिसतं.

मी उत्तम आहे. वऱ्हांड्यात चार चार फेऱ्या मारते. ग्वेन म्हणून एक मुलगी व्यायाम करवून घेते, तिला माझ्याबरोबर चालताना धाप लागते.

एमरीला आत घेतलं नाहीस ना? त्याच्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मला ते आवडलं नाही.

टेक्लाताई

लार्च क्रीक,
३ जानेवारी १९९५

प्रिय ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. इथे फार घडामोडी नाहीत. टबाचं पाणी अगदी नितळ आहे.

विनिपेगच्या मैत्रिणीचं मात्र नशीबच फुटकं. तू सांगितलंस तसं तिने सगळं पाणी काढलं. मध्ये चहाला थांबली. नळी गोठली. मग नवं पाणी घाईघाईने वरूनच ओतलं आणि पंप खरंच गुणगुणायला लागला, ताई, अगदी तू म्हणालीस तसा, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा. शेवटी पंपाच्या जोडणीची चकती किंचित सैल केल्यावर हवा सुस्स करून बाहेर आली. ते झालं न झालं तोच नाताळच्या वादळात वीज गेली. तिने अंगणात स्टोव्ह नेऊन, पंपाच्या खणाचं दार उघडून, बाजूने घोंगड्या लावून पाइप ऊबदार ठेवले. डचेस तर रात्रभर पंपाला टेकून झोपली होती, म्हणून निभावलं.

आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळाच्या आदल्या संध्याकाळी, सहा तारखेला, मी गव्हाची कुत्या करणार आहे. गहू निवडून ठेवले. खसखस आईसारखी वाटता येत नाही, पण खाणारे तक्रार करत नाहीत.

तू कधी येतेस? चार फेऱ्या मारणाऱ्या बाईला अजून तिथे कशाला ठेवलंय?

ल्युबा

कॅलगरी,
१२ जानेवारी

ल्युबा,

तुझ्या विनिपेगच्या मैत्रिणीकडे एमरीची कुत्री कशी पोचली ते मी विचारत नाही. खाणारे कोण तेही विचारत नाही.

मायरन आला होता. तो म्हणतो, आई, त्या घराच्या पायऱ्या, तो बर्फ, तो टब, आता कशाला? कॅलगरीत त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगली जागा आहे. खोलीला मोठी खिडकी आहे आणि जेवण वेळेवर मिळतं. मी बघू म्हणाले.

टबाचा त्रास होत असेल तर पाणी काढून टाक आणि झाकण लावून ठेव. एवढ्या कष्टाची गरज नाही. पट्ट्या संपल्या असतील तर नव्या आणू नकोस.

टेक्ला

लार्च क्रीक,
१ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आता लपवून काय करू. तुझ्या टबाची पार वाट लागली आहे.

पाणी हिरवंगार आहे. आजोबांच्या डबक्यात बदकं सोडायचो ना, तसं. वर वीतभर फेस. फिल्टर नाताळापासून धुतलेला नाही, मला कंटाळा येतो. पट्टी अधूनमधून बुडवते, ती गडद जांभळी होते, मग मी ती फेकून देते. कडेच्या रेघेवर बोट फिरवलं तर बोट घसरून परत येतं.

एमरी रोज दुपारी येतो. अंघोळ न करता उतरतो. बर्फ काढून घामेजलेला असतो, तसाच. म्हणतो, टेक्ला काही परत येत नाही, आता कोण बघायला आहे? डचेसही येते. फवारे इतक्या जोरात सुटतात की तिचे कान मागे उडतात आणि ते बघून चर्चच्या बायका टाळ्या वाजवतात. मारुस्या तर पाण्यात बसूनच सॉसेज खाते.

एमरीचं म्हणणं आहे की तू त्या खिडकीच्या खोलीत राहायला गेलीस की टब तो आपल्या अंगणात ओढून नेईल. स्प्रूसच्या बरोबर खाली ठेवणार आहे. मी हो म्हणून टाकलं. तुला काही हरकत नसेलच.

तुझी
ल्युबा

लार्च क्रीक,
९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

काल दुपारी फोन वाजला तेव्हा माझे हात मारुस्याच्या केसांत होते. "त्या कुत्रीला माझ्या पाण्यातून बाहेर काढ." एवढंच बोललीस आणि धापा टाकत उभी राहिलीस. तुला वाटलं असेल मी घाबरले. ताई, मी फोन हातात धरून रडत होते. मारुस्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "माझी बहीण वऱ्हांड्याच्या टोकाला पोचली."

आता खरं लिहिते.

महिनाअखेरीला मायरन आला होता, घर बघायला एका माणसाला घेऊन. तो माणूस अंगणात गेला तेव्हा मायरन स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, "मावशी, आई ऑपरेशननंतर एकदाही उभी राहिलेली नाही. पलंगाच्या कडेला बसवलं की रेलिंग घट्ट धरते आणि म्हणते, उद्या. ग्वेन रोज येते, आई रोज उद्या म्हणते. मी काय करू, तिला उचलून चालवू?" मी त्याच्यावर ओरडायच्या तयारीत होते. पण त्याचे डोळे बघून त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याला घर विकायची हौस नाही गं. त्याला भीती वाटते आहे.

मी तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. रोज फेऱ्या मारणारी बाई फोनपर्यंत कधीच कशी जात नाही, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. आणि ते शेवटचं पत्र. नव्या पट्ट्या आणू नकोस म्हणालीस. तू मला शिव्या घालतेस तोवर मला तुझी काळजी नसते.

मी एमरीला म्हटलं, हिला गोंजारून उपयोग नाही. तो म्हणाला, "गोंजारून टेक्ला आजवर कुठे हलली आहे?" मग आम्ही दोघांनी बसून ते पत्र रचलं. टब त्याच्या अंगणात न्यायची कल्पना त्याची. सॉसेज माझं.

फेस खरा होता, तो नोव्हेंबरात. रंगही खरा, मारुस्याचा, "मावळता सूर्य" नावाची छटा. नळी गोठली तेव्हा मी कुंपणावरून एमरीला हाक मारली, कारण दुसरं कुणी नव्हतं. वीज गेली त्या दिवशी स्टोव्ह त्याचाच होता. आज पाणी खरंच नितळ आहे. फिल्टर मी दर सोमवारी धुते, वरून खाली. एमरी अंघोळ करून येतो, केस ओले असतात आणि घरापासून कुंपणापर्यंत येईतो ते गोठून उभे राहतात. डचेस बाहेर बसते.

खोटं लिहिलं म्हणून माफी मागत नाही. तुझ्या चार फेऱ्यांशी फिट्टंफाट.

ल्युबा

कॅलगरी,
१८ फेब्रुवारी

ल्युबा,

तुझं हिरव्या पाण्याचं पत्र वाचून मी ग्वेनला म्हटलं, "मला चालायची ती चौकट दे." ती म्हणाली, "आधी बसून थोडा व्यायाम..." मी म्हटलं, "पोरी, एक माणूस माझा टब ओढून नेतोय, तू व्यायामाचं काय सांगतेस?" पाय टेकला आणि जमीन मला नेहमी वाटते तशी सरकली. इतके दिवस हेच होत होतं. पाय टेकला की पोस्टाची ती पायरी पुन्हा खालून निसटायची. कुणाला सांगणार? मायरनला सांगितलं असतं तर त्याने मला पलंगासकट आपल्या घरी नेलं असतं. त्या दिवशीही जमीन सरकली, पण डोळ्यांपुढे त्या कुत्रीचे कान उडत होते. म्हटलं, सरकायचं तर सरक, मला फोन करायचा आहे.

सुनेला झापणाऱ्या बाईच्या हातातून मी फोन काढून घेतला.

जाताना रागात गेले. परत येताना मध्ये एका खुर्चीवर बसावं लागलं, तेव्हा डोकं चालायला लागलं. पट्टी गडद जांभळी असेल तर पाण्यात क्लोरीन भरपूर आहे, मग ते हिरवं कसं होईल? आणि महिन्याहून जास्त न धुतलेल्या फिल्टरमधून कुत्रीचे कान उडतील असे फवारे कुठून येणार? फवारे मेलेले असते, हीटरने केव्हाच मान टाकली असती. जिने पाणी खरंच बिघडू दिलं असतं तिला जांभळी पट्टी आणि असे फवारे दिसलेच नसते. तू माझा टब सांभाळायला शिकलीस, म्हणून तुला खोटंही धड लिहिता आलं नाही. मी त्या खुर्चीवर बसून इतकी हसले की ग्वेनने नर्सला बोलावलं.

हसून झाल्यावर उरलेलं अंतर चालायचं बाकी होतं. राग तर संपला होता. ग्वेन म्हणाली, "खुर्ची ढकलत नेऊ का?" खोटं कशाला सांगू, मला हो म्हणायचं होतं. उठले. ते अंतर जातानाच्या दुप्पट वाटलं. भिंत धरून, थांबत थांबत, पण गेले.

आता रोज जाते. फेऱ्यांचा आकडा तुला सांगणार नाही, तू विश्वास ठेवणार नाहीस.

मायरनशी बोलले. घाबरतोस का रे म्हणून विचारलं तर घड्याळाकडे बघायला लागला. मी त्याचं घड्याळ काढून उशीखाली ठेवलं. मग आम्ही बोललो. घर बघायला आलेल्या माणसाला तो नाही म्हणून कळवतोय. डॉक्टरांनी मात्र टबाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत असं बजावलं आहे. ते मला आवडलेलं नाही, पण ऐकावं लागेल असं दिसतं.

एमरीला सांग, टब जागच्या जागी राहील. सुया मात्र झाडाव्या लागतील, आणि त्या त्यानेच झाडायच्या.

टेक्लाताई

लार्च क्रीक,
२४ एप्रिल

ल्युबा,

इकडे राहायला यायचं म्हणून विनिपेगची खोली रिकामी करायला एवढे दिवस लागतात होय? बाटल्या आणू नकोस म्हटलं तरी आणशीलच. निदान "मावळता सूर्य" तिथेच ठेव.

काल ईस्टर झाला. चर्चमधून आशीर्वाद दिलेल्या टोपल्या घेऊन सगळ्या बायका इकडेच आल्या. पास्काचा गोड पाव कापला, अंडी फोडली, बीट-मुळ्याच्या चटणीने एमरीच्या डोळ्यांतून पाणी काढलं. त्याने टबाच्या कडेला एक रुंद बाक करून ठेवला आहे. त्यावर पाठमोरं बसायचं, मग एकेक पाय उचलून आत घ्यायचा. दुखरा पाय मला उचलता येईना. तसाच हवेत राहिला, आणि सगळ्या जणी पाण्यातून माझ्याकडे बघत. एमरीने विचारलं, "हात लावू?" आपल्या दोघींना असं कुणी काही विचारलं की पटकन तोंडातून जे "नको" निघतं, ते निघणारच होतं. पण गार वाऱ्यात ओल्या कपड्यांनी बसून माज दाखवता येत नाही. म्हटलं, "लाव."

गरम पाणी कंबरेपर्यंत आलं तेव्हा मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. मारुस्या म्हणते मी आईला हाक मारली.

सगळ्यांनी आधी अंघोळ केली होती, मी स्वतः दारात उभी राहून एकेकीला हुंगून आत सोडलं. तरीही तेवढी माणसं, बडबड, कुणाचा तरी पास्काचा तुकडा पडला. संध्याकाळी सगळे गेल्यावर झाकण लावायला गेले तर पाणी गढूळ झालं होतं. ल्युबा, स्टेफान गेल्यापासून हे पाणी गढूळ झालेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, ते माझ्या मेहनतीने नितळ राहतंय. एकटीच तर बसायचे त्यात. कोण गढूळ करणार? पट्टी बुडवली, क्लोरीनचा चौकोन पांढराफटक. पावडर घातली, झाकण उघडं ठेवलं आणि जरा वेळ तिथेच बाकावर बसून राहिले.

आज सकाळी पाणी पुष्कळ निवळलंय. फिल्टर मात्र धुवायलाच हवा. मायरन रात्री इथेच राहिला. काल तोही उतरला होता, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून "नुसते पाय बुडवतो" म्हणाला आणि एमरीशी हॉकीवर वाद घालता घालता मानेपर्यंत कधी गेला त्यालाच कळलं नाही. सकाळी स्वतःहून म्हणाला, "आई, फिल्टर कसा धुतात ते दाखव, दर रविवारी येऊन मी धुवत जाईन." मी तोंडीच सांगितलं, वरून खाली, एकेक घडी उलगडून.

आता खिडकीतून बघते तर तो नळाखाली फिल्टर उलटा धरून उभा आहे आणि सगळी घाण परत घड्यांत घालतो आहे. इथून हाक मारली तर ऐकू जाणार नाही. पत्र इथेच थांबवते, मला बाहेर जायला हवं.

तुझी
टेक्लाताई